एकाच तारेंतून वीज व निरोप
वस्तीवरील लहान मायक्रोकंट्रोलर बोर्डांस इथरनेट केबल कशी जोडावी

शेतकऱ्याचें जें नुकसान होतें, त्यांतील बराच भाग वर्दी उशिरां मिळाल्यामुळें होतो. वैशाखांतील भर दुपारीं कोंबड्यांच्या घरांतील पंखे बंद पडले, मध्यरात्रीं विहिरीवरील पंप पाण्यावांचून कोरडा चालूं लागला, किंवा दूध थंड ठेवणाऱ्या टांकीचें यंत्र थांबलें, तर तें कळण्यास घटका दोन घटकांचा उशीरही पुष्कळ महाग पडतो. अशा ठिकाणीं राखणदारासारखे उपयोगी पडणारे लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड आतां कोणासही घरबसल्या मागवितां येतात, आणि सभासदांच्या घरचीं शिकलेलीं मुलें ते हौसेनें जोडूं लागलीं आहेत. या हौसेचें आम्ही स्वागत करितों. परंतु जो राखणदार ऐन वेळीं झोपी जातो, त्याच्या भरंवशावर राहणें हें राखणदार नसण्याहूनही वाईट. हे बोर्ड ऐन वेळीं निजतात याचें कारण पुष्कळदां बोर्डांत नसतें. त्यास वीज व वाचा पुरविणाऱ्या जोडणींत असतें. ही जोडणी एकाच इथरनेट केबलीनें भरंवशाची कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

बोर्डाच्या दोन गरजा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेंत सामावलेला लहानसा संगणक. त्यास उष्णता, ओल किंवा पाण्याची पातळी मोजणारे संवेदक जोडतां येतात, व त्यांच्या मापावरून घंटा वाजविणें, रिले ओढणें अशीं कामें त्याजकडून करवितां येतात. इटलींतील इव्रेया येथें २००५ सालीं विद्यार्थ्यांकरितां तयार झालेला आर्डुइनो हा बोर्ड या हौशी वर्गांत प्रथम फार लोकप्रिय झाला; पुढें २०१६ सालीं शांघाय येथील कंपनीनें काढलेल्या ईएसपी३२ या चिपेचे बोर्ड सर्वत्र पसरले.

अशा प्रत्येक बोर्डास दोन गोष्टी अखंड लागतात: वीज, आणि निरोप पोंचविण्याची वाट. सामान्यतः विजेसाठीं मोबाइलचा चार्जर व निरोपासाठीं वायफाय वापरण्यांत येतें. घरांत टेबलावर हें ठीक चालतें. वस्तीवर मात्र प्रत्येक बोर्डाजवळ २३० व्होल्टांचा प्लग न्यावा लागतो. चार्जरांत धूळ व ओल शिरते. गांवची वीज गेली कीं बोर्डही जातो. आणि पत्र्याचीं छपरें व लोखंडी जाळ्या वायफायच्या लहरी अडवितात. ज्या क्षणीं वीज जाऊन पंखे थांबतात त्याच क्षणीं राखणदारही मुका व्हावा, ही स्थिति कोणासही परवडणारी नाहीं.

जुन्या टेलिफोनची आठवण

एकाच तारेंतून वीज व निरोप दोन्ही नेण्याची कल्पना नवी नाहीं. गांवांत अंधार असतांही जुना तारेचा टेलिफोन चालत असे, हें वयस्क वाचकांस आठवत असेल. त्याचें कारण असें कीं, टेलिफोन केंद्रांत ४८ व्होल्टांच्या बॅटऱ्या असत, व ज्या दोन तारांवरून आवाज येई त्याच तारांवरून टेलिफोनास वीजही मिळे. इथरनेट ही संगणकांस तारेनें जोडण्याची पद्धति १९७३ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत निघाली. १९९० सालीं ती पीळ दिलेल्या साध्या तारांवर चालविण्याचें प्रमाण ठरलें, आणि २००३ सालीं त्याच केबलींतून वीज देण्याचें पहिलें प्रमाण, ८०२.३एएफ, मंजूर झालें. त्यांतही दाब सुमारें ४८ व्होल्टच ठेविला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

केबलीची रचना

इथरनेट केबलींत आठ तारा असून त्या दोन दोन मिळून चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पीळ दिल्यामुळें बाहेरील विजेचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांस सारखाच होतो व निरोप घेणारें यंत्र तो वजा करूं शकतें. आमच्या कामास लागणारी गति थोडी. सेकंदास दहा किंवा शंभर मेगाबिट गतीला चारांपैकीं दोनच जोड्या पुरतात. नेहमींच्या रंगक्रमांत त्या नारिंगी व हिरव्या होत. निळी व तपकिरी या दोन जोड्या मोकळ्या राहतात. निरोपासाठीं केबलीची लांबी १०० मीटरपर्यंत असावी, असें प्रमाण आहे.

दाबाचा हिशेब

मोकळ्या दोन जोड्यांतून बोर्डास लागणारे ५ व्होल्ट सरळ सोडून दिले तर काय होईल? हौशी मंडळी बहुधा हेंच करितात, आणि येथेंच घोटाळा होतो. ज्या बागाईतदारानें लांबवर पाइपलाइन नेली आहे त्यास हें समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहींत. अरुंद नळींतून जास्त पाणी लांब नेऊं लागलों तर घर्षणांत दाब जिरतो व टोंकाला धार पडत नाहीं. तारेचा रोध म्हणजे तेंच घर्षण होय.

साध्या चांगल्या केबलींतील तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरांस सुमारें ८.४ ओहम असतो. एका जोडींतील दोन तारा मिळून वीज नेतात व दुसऱ्या जोडींतील दोन मिळून ती परत आणतात. म्हणून जाऊन येऊन एकूण रोध १०० मीटरांस तितकाच, म्हणजे ८.४ ओहम, पडतो. कोंबड्यांचें घर ३० मीटरांवर असल्यास तो सुमारें २.५ ओहम होईल. बोर्ड, संवेदक व रिले मिळून अर्धा अँपिअर प्रवाह ओढतात असें धरूं. ५ व्होल्टांनीं वीज पाठविल्यास तारेंत १.२५ व्होल्ट जिरतात व बोर्डाशीं जेमतेम ३.७५ व्होल्ट उरतात. बोर्डावरील लहान नियंत्रक यांतून चिपेस ३.३ व्होल्ट देतो. परंतु सामान्य जातीच्या नियंत्रकास तेवढ्यासाठीं आपल्याजवळ सुमारें एक व्होल्ट अधिक लागतो. म्हणजे गणित तुटीचें झालें. याहून वाईट असें कीं, रिले ओढण्याच्या क्षणीं प्रवाह वाढतो, दाब आणखी खालीं जातो, व चिप बंद पडून पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. दिवसभर ठीक चालणारा बोर्ड पंखा सुरू करण्याच्या वेळींच कां अडखळतो, याचें उत्तर येथें आहे. शंभर मीटरांवर तर ५ पैकीं ४.२ व्होल्ट वाटेंतच संपतील.

आतां तीच वीज ४८ व्होल्टांनीं पाठवून बोर्डाजवळ ५ व्होल्ट करून घेतली तर कसें होईल तें पाहूं. बोर्डास २.५ वॅट पाहिजेत. रूपांतरांतील घट धरून तारेंतून सुमारें ०.०७ अँपिअर प्रवाह पुरेसा होतो. ३० मीटरांत जिरणारा दाब ०.१८ व्होल्ट, व शंभर मीटरांत ०.६ व्होल्टांच्या आंत. ४८ पैकीं इतकी तूट कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. तार तीच व अंतरही तेंच. फक्त दाब वाढविला कीं प्रवाह कमी होतो आणि नुकसान नाहींसें होतें. साऱ्या विषयाचें मर्म एवढेंच आहे.

दोन रीति

हा वाढीव दाब केबलींत घालण्याच्या दोन रीति बाजारांत आहेत. पहिलीस आम्ही मुकी रीति म्हणूं. तींत २४ किंवा ४८ व्होल्टांचा पुरवठा मोकळ्या जोड्यांत घातला जातो, व पलीकडे काय जोडलें आहे याची कांहींही चौकशी होत नाहीं. ती स्वस्त असते. परंतु तिच्यापासून भय आहे. कित्येक साध्या इथरनेट सॉकेटांत मोकळ्या जोड्यांस ७५ ओहमांचे मोहरीएवढे रोधक आंतल्या आंत जोडलेले असतात. अशा सॉकेटांत मुके ४८ व्होल्ट शिरले कीं दोन रोधकांमिळून १५० ओहमांवर १५ वॅट उष्णता तयार होते, व सॉकेट जळून जातें. ज्यास ही रीति वापरणें भाग आहे त्यानें दोन्ही टोंकांस ठळक चिठ्ठी बांधावी, आणि ती केबल चुकूनही दुसऱ्या यंत्रांत घालूं नये.

दुसरी रीति प्रमाणित होय. तींत वीज देणारा स्विच प्रथम पाहुण्याची ओळख विचारतो. तो दहा व्होल्टांच्या आसपास किंवा त्याहून कमी असा अल्प दाब देऊन पलीकडे सुमारें २५ हजार ओहमांचा ठराविक रोध आहे कीं काय हें पाहतो. तो आढळला तरच यंत्रास किती वीज लागेल तें अजमावून पुरा दाब सोडतो. ओळख न पटल्यास वीज देतच नाहीं. म्हणून साधा संगणक किंवा चुकीचा बोर्ड जोडला तरी तो सुरक्षित राहतो. २००३ च्या प्रमाणाप्रमाणें स्विच प्रत्येक दारास १५.४ वॅट देतो, व वाटेंतील तूट धरून यंत्रास १२.९५ वॅट मिळण्याची हमी असते. २००९ सालीं ही मर्यादा यंत्राशीं २५.५ वॅट व २०१८ सालीं ७१.३ वॅट झाली. दोन-तीन वॅटांच्या बोर्डास पहिलें प्रमाणही पुष्कळ झालें. मोकळ्या जोड्या नसतील तेव्हां निरोपाच्याच जोड्यांवरून वीज नेण्याची सोयही या प्रमाणांत आहे. सॉकेटांतील रोहित्राच्या मध्यावर वीज घातल्यामुळें तिचा निरोपास उपसर्ग होत नाहीं.

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, वस्तीवर अनेक हात लागतात, तेव्हां सभासदांनीं दुसरी रीतिच पत्करावी. वांचविलेले पैसे एका जळालेल्या बोर्डांत जातात.

बोर्डाच्या बाजूची जोडणी

बोर्डापाशीं तीन प्रकारें सोय करितां येते. सर्वांत सोपी म्हणजे स्प्लिटर नांवाची डबी. तिच्या एका बाजूस केबल घातली कीं दुसऱ्या बाजूस निरोपाचें वेगळें टोंक व ५ किंवा १२ व्होल्टांचें वेगळें टोंक निघतें. बोर्डास इथरनेट नसल्यास डब्ल्यू५५०० या चिपेचा लहान जोड लावावा. दुसरा प्रकार म्हणजे केबलींतून वीज घेण्याची सोय अंगचीच असलेला बोर्ड घेणें. बल्गेरियांतील ऑलिमेक्स कंपनीचे ईएसपी३२ वर आधारलेले बोर्ड याचें उदाहरण होय. तिसरा प्रकार म्हणजे वीज उतरविणारा सुटा भाग बोर्डावर बसविणें. हा सोल्डरिंगचा सराव असलेल्यानेंच करावा. ईएसपी३२ नांवाच्या सर्वच चिपांत इथरनेटचा भाग नसतो. मूळ चिपेंत तो आहे, एस३ व सी३ या भावंडांत नाहीं. खरेदीपूर्वीं हें पाहून घ्यावें.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना द्यावयास पाहिजेत. पहिली अशी कीं, कांहीं स्वस्त बोर्डांत केबलींतील वीज व बोर्डाची वीज यांमध्यें रोहित्राचा आडपडदा नसतो. अशा बोर्डास केबलींतून वीज चालू असतां यूएसबीनें संगणक जोडल्यास दोन्ही बिघडण्याचा संभव असतो. आडपडदा असलेला प्रकार थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. दुसरी सूचना पुष्कळांस ठाऊक नसते. प्रमाणित स्विच आपल्या पाहुण्यावर सतत नजर ठेवितो, व प्रवाह सुमारें १० मिलिअँपिअरांच्या खालीं गेला कीं यंत्र काढून घेतलें असें समजून वीज तोडतो. वीज वांचविण्यासाठीं बोर्डास झोंपविण्याचा प्रोग्रॅम लिहिल्यास हाच अनुभव येतो. केबलीवरील बोर्ड जागाच ठेवावा. त्याचा खर्च नगण्य आहे.

निरोपाची व्यवस्था

सर्व केबली घरांतील एका स्विचेंत येऊन मिळाव्यात. एका बोर्डावरून पुढच्या बोर्डास अशी माळ ओंवूं नये. स्विच ही जणूं गांवची चावडी; प्रत्येकाचा निरोप तेथें येतो व ज्याचा त्यास दिला जातो. त्याकरितां प्रत्येक बोर्डास दोन पत्ते लागतात. एक मॅक पत्ता, हा यंत्राचा जन्मपत्ता; दुसरा आयपी पत्ता, हा बहुधा घरांतील राउटर वांटून देतो. डब्ल्यू५५०० चे साधे जोड जन्मपत्त्यावांचून येतात व तो प्रोग्रॅमांत लिहावा लागतो. एकच प्रोग्रॅम जसाच्या तसा चार बोर्डांत भरल्यास चौघांचा पत्ता एक होतो, आणि निरोप कधीं पोंचतात, कधीं हरवतात. प्रत्येकास निराळा पत्ता लिहून तो वहींत नोंदवून ठेवावा.

निरोपाची भाषा म्हणून एमक्यूटीटी ही पद्धति सोयीची आहे. ती १९९९ सालीं दूरवरच्या तेलवाहिन्यांची खबर उपग्रहामार्फत थोडक्यांत मिळावी म्हणून तयार करण्यांत आली. बोर्ड आपलें माप मध्यस्थाकडे धाडतो, व ज्यास तें पाहिजे तो तेथून घेतो. हा मध्यस्थ घरांतील लहान संगणकावर ठेवितां येतो. म्हणजे बाहेरचें इंटरनेट बंद असतांही घरांतील घंटा वाजते. या पद्धतींतील एक सोय अवश्य वापरावी. जोडतांनाच बोर्डानें आपलें जणूं मृत्युपत्र मध्यस्थाजवळ ठेवावयाचें असतें. बोर्ड अचानक गप्प झाला कीं मध्यस्थ तें सर्वांस वाचून दाखवितो. निरोप न येणें हाही एक निरोपच आहे, व त्यासही घंटा वाजली पाहिजे. ही सोय नसलेली व्यवस्था आम्ही अपुरीच मानतों.

स्विच जर आज्ञा घेणारा असेल, तर आणखी एक लाभ होतो. अडकून बसलेल्या बोर्डाची वीज घरीं बसून क्षणभर तोडून पुन्हां देतां येते, व रात्रीं कंदील घेऊन कोंबड्यांच्या घराकडे जाण्याचें कारण उरत नाहीं.

उघड्यावरील केबल

केबल घेतांना तार अस्सल तांब्याची आहे हें तपासावें. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल पुष्कळ खपते. तिचा रोध सुमारें दीडपट असून ती वांकवितां लवकर तुटते. तार चाकूनें खरवडल्यास आंत पांढरी दिसली तर ती परत करावी. बाहेरून न्यावयाची केबल उन्हास टिकणाऱ्या काळ्या वेष्टणाची असावी व उंदरांपासून रक्षण म्हणून पाइपांतून न्यावी. पंपाच्या थ्री-फेज केबलीस खेटून ती नेऊं नये. ओलांडणें भाग असल्यास काटकोनांत ओलांडावी. डब्यांत केबल खालच्या बाजूनें शिरवावी व शिरण्यापूर्वीं तिला खालीं झोल द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी झोलावरूनच गळून पडेल. कोंबड्यांच्या घरांत व गोठ्यांत अमोनिया असतो. तो सॉकेटांतील टोंकें खातो, म्हणून डबा घट्ट झांकणाचाच घ्यावा.

सर्वांत मोठें भय विजेच्या कडकडाटाचें. वळवाच्या व परतीच्या पावसांत वीज केबलीवरच पडली पाहिजे असें नाहीं. जवळपास पडली तरी दोन इमारतींच्या जमिनींतील दाबांत फरक पडून तो तांब्याच्या तारेनें घरांत शिरतो, आणि एका बोर्डाबरोबर स्विच व संगणकही जातात. इथरनेट सॉकेटांतील आडपडदा १५०० व्होल्टांच्या परीक्षेस उतरतो. आकाशांतील विजेपुढें तो कांहींच नव्हे. म्हणून एकाच छपराखालीं तांब्याची केबल खुशाल वापरावी, परंतु दुसऱ्या इमारतीकडे जातांना शक्य तर कांचतंतूची केबल घालावी व तेथें वेगळा लहान स्विच बॅटरीसह ठेवावा. तांबेंच न्यावयाचें असल्यास दोन्ही टोंकांस दाबरोधक बसवून त्यांस चांगली अर्थिंग द्यावी. अर्थिंगवांचून दाबरोधक केवळ शोभेचा होय.

बॅटरी एक, राखणदार अनेक

या पद्धतीचा खरा लाभ वीज गेल्यावर दिसतो. प्रत्येक बोर्डास निराळी बॅटरी न लागतां घरांतील एका इन्व्हर्टरवर स्विच, राउटर व लहान संगणक ठेविले कीं सर्व बोर्ड जागे राहतात. सहा बोर्ड धरून हा सारा भार ३० वॅट व इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५ वॅट धरल्यास, १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीची निम्मीच शक्ति वापरली तरी सुमारें २० तास निभावतात. बॅटरी जुनी असल्यास हा अंदाज कमी धरावा.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दहा एकरांच्या दूरच्या टोंकाला ओल मोजण्यास ही पद्धति योग्य नव्हे. तेथें सौरपत्रा, बॅटरी व लोरासारखी दूरगामी बिनतारी व्यवस्थाच बरी. तसेंच पंप व मोठे पंखे चालविण्याची स्टार्टरची जोडणी परवानेदार वायरमनकडूनच करवावी, आणि जिवंत जनावरांच्या घरांत बोर्डाशिवाय स्वतंत्र चालणारा साधा थर्मोस्टॅट व घंटाही ठेवावी. बोर्ड हा राखणदार आहे; धनी नव्हे.

ज्या सभासदांच्या घरीं अशी जोडणी करण्याचें चाललें असेल त्यांनीं प्रथम एकच बोर्ड, एकच केबल व एकच उष्णतामापक एवढ्यावर एक महिना काढावा. या महिन्यांत मुद्दाम इन्व्हर्टरची परीक्षा घ्यावी, मुद्दाम केबल उपसावी, व घंटा वाजते कीं नाहीं तें पाहावें. बैल विकत घेतांना आपण तो चालवून पाहतों; हा राखणदारही कामास लावण्यापूर्वीं तसाच पारखून घ्यावा. पारखीस उतरल्यावर दुसरी केबल ओढण्यास हरकत नाहीं.